वाग्दत्त की विवाहित?

मराठी घरातले लग्न नेमके कोणत्या दिवशी होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. बोलणी होतात, सुपारी फुटते, साखरपुड्याला अंगठ्या घातल्या जातात, केळवणे झडतात, हळद लागते, मंगलाष्टके संपून अक्षता पडतात, सप्तपदी होते, नवी सून माप ओलांडून घरात येते. आणि मग कधीतरी, सवड मिळेल तेव्हा, नोंदणी कार्यालयात सह्या होतात. मुलीची आई तर सुपारी फुटल्यापासूनच ‘आमचे जावई’ म्हणू लागते. घराला एका तारखेची गरज नसते. ती असते सरकारला. आणि दोन देशांची सरकारे मध्ये आली, की त्या एका तारखेवर दोन माणसांचे पुढचे आयुष्य अडू शकते.

गेली बरीच वर्षे मी पुण्यात कागदपत्रांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरे करून देते. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, घटस्फोटाचे हुकूमनामे, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला जाणाऱ्या प्रत्येक भाषांतराखाली ‘हे पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ असे लिहून सही करावी लागते. त्यामुळे कागद सावकाश वाचायची सवय लागली, आणि त्यातून या विषयाचा नाद लागला. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत एक अमेरिकन नागरिक असतो आणि दुसरा भारतीय. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, लवकर कशाने होतं? फियान्से व्हिसाने, की लग्न करून?”

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोणत्या दिवशी आणि कोणत्या देशात नवरा-बायको होणार, आणि त्या आधीच्या व नंतरच्या महिन्यांत कोण कोणावर अवलंबून राहणार? त्याचे उत्तर मिळाले की वाट बहुतेक वेळा आपोआप ठरते. हा वकिलाचा सल्ला नव्हे. कायदा, त्याचा इतिहास आणि आपली लग्नपद्धत एकमेकांना कुठे अडखळवतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

एक खुलासा आधीच करते. मराठी घरांना जास्त परिचयाची आहे ती एच-१बी आणि एच-४ ही जोडी: नवरा किंवा बायको नोकरीच्या व्हिसावर आणि जोडीदार त्याच्यामागे अवलंबित म्हणून. ती वेगळी कथा. जोडीदाराकडे नुसते ग्रीन कार्ड असेल, तर तीही वेगळी, कारण तिथे वार्षिक संख्येची मर्यादा आणि रांग असते, आणि फियान्से व्हिसाची सोय मुळीच नसते. इथे विषय आहे तो नागरिकाच्या जोडीदाराचा. नागरिकाचा नवरा, बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले आणि (नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा असेल तर) आईवडील यांना १९६५च्या कायद्यापासून संख्येची मर्यादा लागू नाही.

प्रश्न जुना आहे

लग्न आणि नागरिकत्व यांची सांगड अमेरिकेने नेहमीच आजच्यासारखी घातली नव्हती. १९०७च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्वच जात असे. १९२२च्या केबल कायद्याने हा नियम सैल केला, पण नवरा नागरिकत्वाला ‘अपात्र’ वंशाचा असेल तर शिक्षा कायम राहिली. १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्याच अपात्र गटात टाकले. सरकारने मग आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करायला सुरुवात केली.

त्यांतले एक होते लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित. ते १९१४ साली नागरिक झाले होते आणि त्यांनी एका गोऱ्या अमेरिकन स्त्रीशी लग्न केले होते. आपले नागरिकत्व गेले तर आपल्या भरवशावर लग्न केलेल्या बायकोचेही नागरिकत्व धोक्यात येईल, असा मुद्दा त्यांनी मांडला. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला. इतर भारतीयांविरुद्धची मोहीमही त्यानंतर थंडावली. लग्नाने माणसाचे नागरिकत्व हिरावून घेण्यापासून लग्नाने नागरिकत्वाची वाट उघडण्यापर्यंतचा प्रवास असा खटल्यांतून झाला आहे.

‘वाग्दत्त वधू’ ही कायदेशीर कोटी युद्धातून आली. सैनिकांच्या परदेशी बायकांसाठी डिसेंबर १९४५मध्ये एक कायदा झाला आणि त्यांच्या वाग्दत्त वधूंसाठी जून १९४६मध्ये दुसरा. दोन्ही तात्पुरते होते. आजचा के-१ व्हिसा, म्हणजे ज्याला आपण फियान्से व्हिसा म्हणतो तो, एप्रिल १९७०मधला. व्हिएतनाम युद्धाच्या काळातला. १९८६ साली खोट्या लग्नांना आळा घालणारा कायदा आला. त्याने दोन अटी आणल्या. एक, के-१साठी अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. दोन, लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरते आणि सशर्त असेल. भेटीच्या अटीला एक अपवाद आहे आणि तो वाचून मला गंमत वाटली होती: लग्नाआधी वधूवरांनी एकमेकांना पाहू नये अशी कडक, जुनी रूढी असेल, तर सूट मागता येते. वॉशिंग्टनमधल्या नियमपुस्तकात आपल्या पणजीचे लग्न बसले आहे.

‘वाग्दत्त की विवाहित’ हा प्रश्न किती क्रूर होऊ शकतो याचे उदाहरण मात्र इंग्लंडमधले आहे. त्या काळच्या ब्रिटिश नियमांनुसार तीन महिन्यांत लग्न करायला येणाऱ्या वधूला आगाऊ व्हिसा लागत नसे. बायकोला मात्र प्रवेशाचा दाखला काढावा लागे आणि त्याला लांबलचक रांग होती. जानेवारी १९७९मध्ये हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय स्त्री वाग्दत्त वधू म्हणून उतरली. तिचे लग्न आधीच झाले असावे, या संशयावरून अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य तपासणी करवली. फेब्रुवारीत ‘गार्डियन’ने ही बातमी छापली, भारत सरकारने निषेध केला आणि ती प्रथा बंद झाली. आज प्रश्न शरीराला विचारला जात नाही. तो कागदाला आणि फोटोंना विचारला जातो. पण प्रश्न तोच आहे.

तीन वाटा

पहिली वाट के-१ची. अमेरिकन नागरिक आय-१२९एफ हा अर्ज करतो. तो मंजूर झाला की भारतीय जोडीदाराची मुलाखत होते. अशा बहुतेक मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. व्हिसा मिळाला की अमेरिकेत उतरायचे आणि नव्वद दिवसांत त्याच माणसाशी लग्न करायचे. मुदतवाढ नाही. लग्नानंतर तिथे राहून ग्रीन कार्डचा नवा अर्ज, आय-४८५, करायचा.

दुसरी वाट विवाहिताची. आधी लग्न, मग आय-१३० अर्ज, मग नॅशनल व्हिसा सेंटरकडे कागदपत्रे, मग मुलाखत. हा इमिग्रंट व्हिसा असतो. लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर त्याला सीआर-१ म्हणतात, झालेली असतील तर आयआर-१. अमेरिकेत पाऊल ठेवल्या क्षणी माणूस कायम रहिवासी होतो; पासपोर्टवरचा शिक्काच पहिल्या वर्षभर ग्रीन कार्डाचे काम करतो. नोकरी दुसऱ्या दिवसापासून करता येते.

तिसरी वाट जोडीदार आधीच कायदेशीरपणे अमेरिकेत, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी, असेल तेव्हाची. तिथेच लग्न करायचे आणि आय-१३० व आय-४८५ एकत्र भरायचे.

सरकारी शुल्काची तुलना बोलकी आहे. १ एप्रिल २०२४च्या दरपत्रकाने आय-१२९एफला ६७५ डॉलर, के-१ व्हिसाला २६५ आणि नंतरच्या आय-४८५ला १,४४० असे २,३८० डॉलर होतात. मधल्या काळात नोकरीची परवानगी हवी असेल तर आणखी २६०, आणि प्रवासाची परवानगी हवी असेल तर आणखी ६३०. विवाहिताच्या वाटेवर ऑनलाइन आय-१३०चे ६२५, आर्थिक हमीपत्राच्या छाननीचे १२०, व्हिसाचे ३२५ आणि कार्डाचे २३५ मिळून १,३०५. वैद्यकीय तपासणी दोन्हीकडे वेगळी. दर बदलत राहतात, पण के-१ महाग पडतो हे गणित बदलत नाही, कारण त्यात एकच काम दोनदा होते: आधी तात्पुरता प्रवेश, मग कायम वास्तव्याचा अर्ज.

मग के-१ निवडायचा कशासाठी? पहिले कारण म्हणजे दोघे काही महिने लवकर एकत्र येऊ शकतात, जरी हा फरक वर्षागणिक कमीजास्त होत असला तरी. पण त्याहून खरी कारणे दुसरीच आहेत.

भारतात लग्न करणेच शक्य नसेल, हे पहिले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. अमेरिकेत मात्र जून २०१३च्या विंडसर निकालापासून अशा जोडप्यांना इमिग्रेशनमध्ये समान वागणूक आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया, त्यांतला एक पुण्यातला आणि एक शिकागोतला, यांना भारतात विवाहित होता येत नाही. पण वाग्दत्त होता येते. एरवी तिसऱ्या देशात जाऊन लग्न करावे लागते.

दुसरे कारण घरच्यांपासूनच्या भीतीचे. आंतरधर्मीय जोडप्याला इथे विशेष विवाह कायदा, १९५४, हाच आधार. त्यात नोटीस कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवस थांबावे लागते. ते तीस दिवस काही घरांत फार लांब असतात.

तिसरे कारण मुलांचे. घटस्फोटित भारतीय स्त्रीला एकोणीस वर्षांची मुलगी असेल, तर विवाहिताच्या वाटेवर ती मुलगी मागे राहते, कारण सावत्र मूल ठरायला लग्नाच्या वेळी तिचे वय अठराच्या आत असावे लागते. के-१च्या वाटेवर मात्र एकवीस वर्षांखालचे अविवाहित मूल आईसोबत के-२ व्हिसावर जाऊ शकते. एका वाढदिवसाने वाट बदलते, आणि हे लग्नाची तारीख धरण्याआधी पाहायला हवे.

सातवे पाऊल

आता आपल्याकडच्या खास अडचणीकडे येते. के-१ मागणारा माणूस अविवाहित असला पाहिजे. विवाहिताच्या वाटेवरचा विवाहित असला पाहिजे. लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने ते वैध आहे की नाही, हे अमेरिका पाहते. म्हणजे पुण्यातल्या लग्नाला हिंदू विवाह कायदा, १९५५, लावून पाहिले जाते. त्याचे सातवे कलम सांगते की विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. आठवे कलम नोंदणीचे आहे, आणि नोंदणी केली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, असेही तेच कलम सांगते.

घरात पुष्कळदा याच्या उलट समजूत असते: ‘रजिस्टर केलं नाही, म्हणजे कायद्याने लग्न झालेलं नाही.’ या समजुतीवर योजना आखली जाते. आजी थकली आहे, तिच्या डोळ्यांदेखत मंगलाष्टके होऊ देत; नोंदणी नको, के-१ भरू, कायदेशीर लग्न अमेरिकेत करू. अर्जाबरोबर नात्याचा पुरावा म्हणून फोटो जातात. त्यांत मुंडावळ्या, अंतरपाट आणि गळ्यातले मंगळसूत्र. मुलाखत घेणारा अधिकारी विचारतो की हा साखरपुडा की लग्न? लग्न म्हटले तर के-१ बाद. साखरपुडा म्हटले तर ते खोटे, आणि व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगणे म्हणजे कायमची अपात्रता ओढवून घेणे. अशा प्रकरणात फाइल परत जाते आणि सारे आय-१३० भरून पहिल्यापासून सुरू होते. ज्या वाटेने लवकर जायचे होते, तीच सर्वांत लांब पडते.

म्हणून के-१ भरायचा असेल तर सोहळा साखरपुड्यावर थांबवावा. पत्रिकेत ‘शुभविवाह’ छापू नये. आजीला पेढे द्यावेत, अक्षता नव्हेत.

दुसरा खड्डा याच्या विरुद्ध बाजूला आहे आणि तो अधिक रुळलेला आहे: आधी रजिस्टर, मग लग्न. जूनमध्ये हिंदू विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी उरकायची, आय-१३० भरून टाकायचा आणि डिसेंबरमध्ये कार्यालय घेऊन खरे लग्न करायचे. एप्रिल २०२४मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विधी झालेलेच नसतील तर नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह जन्माला येत नाही. विशेष म्हणजे, परदेशी व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून विधींआधीच नोंदणी करून घेण्याच्या या चालीचा उल्लेख न्यायालयाने निकालपत्रात केला आहे. नोंदणी खरी, शिक्का खरा, आणि विवाह नाही.

ज्यांना आधी कायदेशीर लग्न आणि नंतर सोहळा हवा आहे, त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदाच योग्य. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत दिलेला शब्द हाच विवाह. विधीची गरज नाही. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवे आणि नोटिशीनंतर तीस दिवस थांबायला हवे. अमेरिकेतून तीन आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्याने हे गणित तिकीट काढण्याआधी करावे. मग डिसेंबरचे लग्न हा सोहळा राहतो आणि लग्नाची तारीख जूनचीच राहते. सगळ्या अर्जांत तीच लिहायची.

व्हिडिओवरून लागलेल्या लग्नांबद्दलही सांगायला हवे. कोविडच्या काळात युटामधल्या एका काउंटीने ऑनलाइन विवाह लावायला सुरुवात केली. राज्याच्या कायद्याने असे लग्न वैध असले, तरी इमिग्रेशनचा कायदा वधूवर एकमेकांसमोर नसताना झालेला विवाह तेव्हाच मानतो, जेव्हा त्यानंतर त्यांचा प्रत्यक्ष सहवास घडलेला असतो. विवाह आधी आणि भेट नंतर, हा क्रम तिथे चालतो. भेटच नाही, हे चालत नाही.

राहिली पर्यटक व्हिसाची युक्ती. पाहुणा म्हणून जाऊन तिथे लग्न करणे आणि ठरल्या दिवशी परत येऊन दुसऱ्या वाटेने अर्ज करणे, यात गैर काही नाही. इथल्या नोंदणीचा घोळ टाळण्याचा तो एक सरळ मार्गही आहे. पण तिथेच राहायचे आधीपासून ठरवून पर्यटक म्हणून उतरणे ही फसवणूक आहे. विमानतळावर ‘किती दिवस?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर पुढे वर्षानुवर्षे फाइलमध्ये राहते.

मधले महिने

वाट निवडताना बहुतेक जोडपी प्रतीक्षा मोजतात. मी त्यांना प्रतीक्षेतली परिस्थिती मोजायला सांगते.

विवाहिताच्या वाटेवर माणूस मुंबईत किंवा नाशिकमध्ये थांबतो, पण स्वतःच्या नोकरीत, स्वतःच्या पगारावर, आपल्या माणसांत. के-१च्या वाटेवर दोघे एकत्र असतात, पण आलेल्या जोडीदाराला लग्नानंतरही परवानापत्र येईपर्यंत व्यवहारात नोकरी करता येत नाही, आणि प्रवासाच्या परवानगीशिवाय देश सोडला तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. इकडे वडील आजारी पडले तरी. विरह कोणालाच नको असतो. पण परक्या गावात, बिनकमाईचे, घरी येण्याची मुभा नसलेले महिने हाही एक विरहच असतो.

सत्तेचा प्रश्नही इथेच आहे. के-१वर आलेल्या माणसाला फक्त अर्ज करणाऱ्याशीच लग्न करून ग्रीन कार्ड मिळू शकते. दुसऱ्या नागरिकाशी लग्न करूनही नाही. त्या नव्वद दिवसांत समोरच्याचे मन बदलले, किंवा त्याचा खरा स्वभाव कळला, तर परतीचे विमान हाच पर्याय. लग्नानंतर मात्र कायदा काही दारे उघडतो. १९९४च्या कायद्याने छळ होणाऱ्या जोडीदाराला स्वतःचा अर्ज स्वतः करण्याचा अधिकार दिला. सशर्त कार्डाची अट काढायला मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो. पण लग्न खरे असून मोडले, किंवा छळ झाला, हे दाखवता आले तर एकट्यानेही भरता येतो. मुलीच्या आईवडिलांना मी हे आवर्जून वाचून दाखवते.

उलट बाजूचे बंधनही आहे. अमेरिकन जोडीदार आय-८६४ या हमीपत्रावर सही करतो, की दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाइतका आधार मी देईन. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. समोरचा नागरिक होईपर्यंत, साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद पुरी होईपर्यंत, देश कायमचा सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ती चालू राहते. सप्तपदीतल्या वचनांना कालमर्यादा नसते. या वचनाला आहे, पण ती लग्नाच्या आयुष्याशी बांधलेली नाही.

आणि जावे अमेरिकेतच, असेही नाही. भारतात स्थायिक व्हायचे तर नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षे झाल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मागता येते. ते मात्र घटस्फोटानंतर रद्द होऊ शकते. नोंदणीने भारतीय नागरिकत्व हवे तर सात वर्षांचे वास्तव्य लागते. इथेही घड्याळ सुरू होते ते कागदावरच्या तारखेपासून.

म्हणून जोडप्यांना मी एक कोरा कागद देते आणि वर तीन ओळी लिहायला सांगते: लग्नाचा दिवस, लग्नाचे ठिकाण, कोणत्या कायद्याखाली. खाली दोघांनी आपापले लिहायचे: त्यानंतरचे वर्ष मी कुठे राहीन, कशावर जगेन, गरज पडली तर घरी येऊ शकेन का. दोघांचे कागद शेजारी ठेवले की कोणता अर्ज भरायचा हे विचारायची वेळ क्वचितच येते. कधीकधी दोन कागदांवरच्या तारखा वेगळ्या निघतात. एकाने अक्षतांची लिहिलेली असते, दुसऱ्याने सह्यांची. ते मुलाखतीच्या खिडकीसमोर कळण्यापेक्षा माझ्या टेबलावर कळलेले बरे.